एकटीने राहायला आवडतं, की माणसं टाळली जातात? ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आईवडील सांगलीला. सुट्टीच्या दिवशी खोलीत वाचत नाहीतर चित्रं काढत बसायला आवडतं. लग्नकार्यात तासाभरातच डोकं भणभणायला लागतं, मग काहीतरी निमित्त काढून निघून यायचं. आई ‘माणूसघाणी’ म्हणते आणि एकटेपणा सिगारेटइतका घातक असतो असे लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. एका ऑनलाइन चाचणीने ‘अंतर्मुख’ असा निकाल दिलाय. स्थळं यायला लागली आहेत. ‘माझा स्वभावच असा आहे की माझं काही बिघडलंय? आणि अशा माणसाने लग्न करावं का?’

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एकटं राहण्याची आवड हा स्वभावाचा भाग आहे का, हा पहिला. माणसांत जायला नको वाटतं त्यात भीती किंवा उदासी मिसळली आहे का, हा दुसरा. आणि हा स्वभाव घेऊन दुसऱ्या कुणाबरोबर संसार कसा मांडायचा, हा तिसरा. चाचणीने पहिल्याचं उत्तर दिलं, तेही अर्धंच. आईची काळजी दुसऱ्याबद्दल आहे. तुमची झोप मात्र तिसऱ्याने उडवली आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक सुटं करून घेऊ.

उत्तर कशावर बदलेल तेही आधीच सांगते. तुम्ही शाळेपासून अशा आहात, की गेल्या सहा-आठ महिन्यांत अशा झालात? सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. जन्मभराची शांत मुलगी २९व्या वर्षीही शांत असेल तर तो स्वभाव. कॉलेजात नाटकात काम करणारी, ट्रेकला जाणारी मुलगी हळूहळू दार लावून बसायला लागली असेल तर तो बदल, आणि बदलाला कारण असतं. दुसरी गोष्ट नोकरी. दिवसाचे आठ-नऊ तास मीटिंग आणि कॉलमध्ये घालवणाऱ्या बाईला शनिवारी कुणी नको वाटणं साहजिक आहे, तिचा माणसांचा कोटा शुक्रवारीच संपलेला असतो. पण घरूनच काम करणाऱ्या बाईचा आठवडा कुणाशी समोरासमोर न बोलता जातो आणि ते तिच्या लक्षातही येत नाही. दोघी म्हणणार एकच, ‘मला घरी बसायला आवडतं.’ त्यांना सल्ला मात्र एक देता येणार नाही.

आता स्वभाव. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडली आणि तेव्हापासून लोक स्वतःला या दोन खणांत घालतात. प्रत्यक्षात असे दोन खण नाहीत. उंचीसारखीच ही एक सलग पट्टी आहे, आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात असतात. म्हणूनच माणसांना दोन गटांत वाटणारी चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचा गट बदलतो. तुमच्या निकालावर फार विसंबू नका.

त्यापेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे बहिर्मुखता एकसंध नसते. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्क्रे यांच्या व्यक्तिमत्त्व-प्रश्नावलीत तिचे सहा भाग आहेत: जिव्हाळा, घोळक्याची आवड, ठामपणा, कामाचा झपाटा, थराराची ओढ आणि आनंदी वृत्ती. जिव्हाळा आणि घोळक्याची आवड हे दोन वेगवेगळे भाग आहेत, याकडे लक्ष द्या. एखादीचा जिव्हाळा भरपूर असतो, मैत्रिणीच्या आजारपणात ती रात्रभर उशाशी बसते, पण तिला पन्नास माणसांच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं की तिचा जीव नकोसा होतो. अशा बाईला माणूसघाणी म्हणणं साफ चूक आहे. उलट एखादा गृहस्थ प्रत्येक केळवणाला हजर असतो, सगळ्यांशी हसतखेळत बोलतो, आणि जवळचं असं त्याचं कुणीच नसतं. तुमची आई घोळक्याची आवड पाहून जिव्हाळ्याचा अंदाज बांधते आहे. बहुतेक घरांत हेच होतं.

बहिर्मुखतेखेरीज आणखी तीन गोष्टी एकटं राहण्याशी जोडलेल्या आहेत. एक म्हणजे कुतूहल आणि कल्पनाशक्ती. ज्यांच्या डोक्यात काहीतरी चालू असतं, ज्यांचं मन पुस्तकात, सुरांत, बागेत, लाकूडकामात रमतं, त्यांचा एकट्याचा वेळ रिकामा जात नाही. दुसरी म्हणजे आपलं आपण ठरवून वागण्याची सवय: चारचौघं काय म्हणतील यापेक्षा स्वतःला काय पटतं ते पाहणं, आणि मनात काय चाललंय ते न घाबरता बघता येणं. नेट्टा वाइनस्टाइन आणि थुई-वी न्गुयेन या संशोधकांच्या कामातून दिसलं ते असं, की स्वतःहून आणि आवडीने एकांताकडे जाणं या स्वभावगुणाशी चांगलं जुळतं. नुसतं अंतर्मुख असणं तेवढं जुळत नाही. म्हणजे गप्पिष्ट माणसालाही एकटं राहणं आवडू शकतं, आणि अबोल माणसाला ते खायला उठू शकतं. तिसरी गोष्ट भावनिक अस्थिरता, म्हणजे लवकर चिंता, खंत, अपराधीपणा वाटण्याचा कल. तो जास्त असेल तर एकट्याच्या वेळात मन स्वतःलाच कुरतडत बसतं. एकटं राहावंसं वाटणं आणि एकटं राहणं मानवणं, या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात.

लाजाळूपणा याहून निराळा. जोनाथन चीक आणि आर्नल्ड बस यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं की लाजाळूपणा आणि माणसांची ओढ या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. ज्याला ओढ कमी आणि लाजही कमी, तो निवांत असतो. कार्यक्रमाला गेला तर ठीक, नाही गेला तरी ठीक. सगळ्यात जास्त ताण दिसतो तो ज्यांना माणसं हवी असतात पण भीतीही वाटते त्यांच्यात. बाहेरून दोघंही कोपऱ्यातच बसलेले दिसतात. म्हणून ‘कोपऱ्यात बसते’ एवढ्या माहितीवर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. पहिल्या माणसाला बदलायला गेलं तर आपण त्याला विनाकारण त्रास देतो, आणि दुसऱ्याला ‘स्वभावच आहे’ म्हणून सोडून दिलं तर त्याचं नुकसान करतो.

तुम्ही यातल्या कोण, हे ओळखण्यासाठी मी दोन गोष्टी आधी विचारते. पहिली: ठरलेला कार्यक्रम अचानक रद्द झाला तर काय होतं? सुटका दोघांनाही वाटते, फरक पुढच्या अर्ध्या तासात दिसतो. आवडीने एकटी राहणारी बाई दहा मिनिटांत रंग काढून बसते, कार्यक्रम विसरूनही जाते. टाळणारी बाई मोबाइल घेऊन पडते, ‘गेले असते तर बरं झालं असतं का’, ‘त्यांना काय वाटलं असेल’ हे घोळवत राहते, आणि संध्याकाळी तिला सकाळपेक्षा वाईट वाटत असतं. दुसरी गोष्ट: सगळ्यात लाडक्या माणसाचा फोन आला तर? शांत स्वभावाच्या माणसालाही आपल्या दोन-तीन माणसांचा फोन हवाच असतो. तोसुद्धा नकोसा वाटायला लागला असेल तर प्रश्न स्वभावाचा राहिलेला नाही.

यावर मनातल्या मनात उत्तर देऊ नका, कारण आजचा मूड सगळा भूतकाळ आपल्या रंगात रंगवतो. चार आठवडे नोंद ठेवा. दोन आठवडेही पुरले असते, पण पाळीच्या आधीचे दिवस त्यात अर्धेअधिक आले तर चित्र फिरतं, म्हणून बायकांना मी पूर्ण महिना सांगते आणि ते दिवस वेगळ्या खुणेने दाखवायला लावते. एक छोटी वही, पानावर चार रकाने. पहिल्यात कधीपासून कधीपर्यंत एकटी होते. दुसऱ्यात का, फक्त एका शब्दात: ओढ, थकवा, भीती, राग किंवा सवय. तिसऱ्यात काय केलं. चौथ्यात दोन आकडे, खोलीत जाताना कसं वाटत होतं आणि बाहेर येताना कसं वाटलं, ० ते १० मध्ये. एका नोंदीला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही डायरी लिहायला लागलात, ते थांबवा.

ही नोंद दोन ठिकाणी हमखास बिघडते. एक, लोक रविवारी बसून अख्ख्या आठवड्याचं एकदम भरतात. त्या नोंदीचा उपयोग शून्य, राहिलेला रकाना कोराच ठेवलेला बरा. दोन, मोबाइलवर गेलेला वेळ एकटीचा वेळ म्हणून लिहिला जातो. खोलीत तुम्ही एकट्या असता, पण डोक्यात दीडशे माणसांची जेवणं, सहली आणि भांडणं चालू असतात. अशा वेळेपुढे ‘मो’ लिहा आणि शेवटी तो बाजूला काढून मोजा. ‘मी रोज तीन तास एकटी असते तरी दमलेलीच’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं: तीनातले अडीच तास ‘मो’ असतात.

महिन्याने वही वाचताना निम्म्याहून जास्त नोंदींत ‘ओढ’ किंवा ‘थकवा’ असेल आणि बाहेर येतानाचा आकडा जातानापेक्षा वर असेल, तर निर्धास्त राहा. एकांत तुम्हाला मानवतो आहे. ‘भीती’ तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल तर त्यावर काम करायला हवं. आणि कारण काहीही असलं तरी आकडा रोजच खाली जात असेल, तर आधी तिसरा रकाना पाहा. हे आकडे माझ्या कामातले अंदाज आहेत, कुठल्या प्रमाणित कसोटीचे नव्हेत. त्यांनी निदान होत नाही, पुढे कुठे बघायचं ते कळतं.

तिसऱ्या रकान्याला एवढं महत्त्व का, तर एकांताचा मनावर होणारा परिणाम मुळात मर्यादित आहे. न्गुयेन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना १५ मिनिटं एकटं बसवलं. उसळलेल्या भावना खाली आल्या, राग-धास्तीही आणि उत्साहही. एकांत मनाचा आवाज कमी करतो, पण मागे राहिलेली शांतता सुखाची की उदास, हे तुम्ही स्वतःहून तिथे आलात का आणि तिथे काय करता यावर ठरतं. काहीच न करता नुसतं बसणं तर पुष्कळांना पेलत नाही. टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात १५ मिनिटं विचारांसोबत बसायला सांगितल्यावर १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजायची तयारी त्यांनी आधी दाखवली होती! तेव्हा ‘एकटीने शांत बसले की मन भरकटतं’ हे तुमच्यातलं वैगुण्य नाही.

म्हणून एकटीचा वेळ थोडा बांधून घ्या. ऑफिसमधून आल्यावर ३० ते ४५ मिनिटं पुरतात. त्यातली पहिली १५ मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि हाताला काम: कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, भाजी निवडणं, चित्राचा कागद ताणून लावणं. आल्या आल्या आडवं होऊ नका. आडवं झालं की हातात मोबाइल येतो आणि रात्रीची झोपही मागे सरकते. आठवड्यातून एकदा सलग दोन-तीन तास मिळाले तर चित्रासारखं काम खरोखर पुढे सरकतं. फ्लॅटमध्ये तीन मुली आणि दोन खोल्या अशी तऱ्हा असेल तर जागा शोधू नका, वेळ शोधा: सकाळी सहाची टेकडी किंवा वाचनालयातली ठरावीक खुर्ची. आपल्याकडे बाईला दार लावून बसायची मुभा सहसा नसते, ‘काय झालं, बरं नाही का’ असं लगेच विचारलं जातं. अशा घरात बाहेर पडणं जास्त सोपं पडतं.

एकटं असताना एकच विचार गोल गोल फिरायला लागला तर तो ओळखायची खूण आहे. ‘असं का झालं’, ‘मीच अशी का’ हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि ‘आता काय करू’ हा येतच नाही. सुझन नोलन-होक्सेमा यांनी या रवंथाचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि त्याचा नैराश्याशी संबंध आता पक्का झालेला आहे. मी दहा मिनिटांची मर्यादा घालून देते. तोच विचार दहा मिनिटांनीही तिथेच असेल तर खोली सोडायची, कुणाला तरी फोन करायचा किंवा चालून यायचं. त्या वेळी आणखी एकांत घेणं म्हणजे दुखणं वाढवणं.

‘भीती’ हा शब्द वहीत बऱ्याचदा आला, तर पुढचं वाचा. समारंभातून पळून आल्यावर जे हायसं वाटतं, तेच भीतीला खतपाणी घालतं. मेंदू शिकतो की निघून आलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी उंबरा आणखी उंच वाटतो. हे मोडायचं तर पायऱ्या करायच्या. ज्या ज्या प्रसंगांची धास्ती वाटते असे आठ-दहा कागदावर लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० गुण द्या. मैत्रिणीच्या घरी चौघींचा चहा २०, चुलतबहिणीचं डोहाळजेवण ५०, ओळखपाळख नसलेल्या लग्नात एकटीने जेवणं ८०, असं काहीतरी. सुरुवात २०-३० पासून करा. जायचं, आणि भीती सर्वांत जास्त असताना निघायचं नाही. ती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, त्याला बहुतेक वेळा २० ते ४० मिनिटं लागतात. तीच पायरी आठवड्यात दोन-तीनदा करा, मगच वरची. सगळ्यात मोठी चूक म्हणजे देहाने हजर राहायचं आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसायचं, किंवा पूर्ण वेळ स्वयंपाकघरात भांडी आवरत राहायचं. त्याने भीतीला वाटतं, मोबाइल होता म्हणून निभावलं.

तुम्हाला भीती नसेल, नुसती दमणूक होत असेल, तर याच्या बरोबर उलट सांगेन. तुमच्यासाठी काम हाताशी असणं उत्तम. पंगतीत वाढायला घ्या, रांगोळी काढा, लहान मुलांना सांभाळा. हळदीला उशिरा जाण्याऐवजी लवकर जा: माणसं एकेक करून येतात, प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलता येतात, आणि डीजे सुरू व्हायच्या सुमारास तुमची निघायची वेळ झालेली असते. मधे दहा मिनिटं गच्चीवर किंवा मंगल कार्यालयाच्या अंगणात जाऊन या. एकाच कृतीने एकीचं भलं होतं आणि दुसरीची भीती पक्की होते, म्हणून आधी वही आणि मग उपाय, हा क्रम सोडू नका.

आई पाठवते ते लेख पूर्ण खोटे नाहीत. ज्युलिॲन होल्ट-लन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांहून जास्त माणसं, एकत्र तपासली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम, त्यांची तेवढ्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. सिगारेटची तुलना तिथूनच आली. पण तिथे मोजले होते ते माणसाचे संबंध: त्याला कुणाचा आधार आहे का, तो कशात सामील आहे का. रविवार दुपारी घरी एकटीने चित्र काढणं त्यात मोजलेलं नव्हतं. एकाकीपणा मोजायला एक तीन प्रश्नांची छोटी पट्टी वापरतात: सोबतीची उणीव किती वेळा वाटते, आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं, सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. ‘क्वचितच’ला १, ‘कधीकधी’ला २, ‘बरेचदा’ला ३. बेरीज ३ ते ९ मध्ये येते. तुमची ३-४ आली तर आईला ती दाखवायला हरकत नाही. ७ च्या वर गेली तर आईचं म्हणणं ऐकायला हवं. तरीही ‘मला एकटं आवडतं, म्हणजे मला कुणाची गरज नाही’ असा अर्थ काढू नका. तीन-चार पक्की नाती आणि आठवड्यातून निदान दोन समोरासमोरच्या भेटी, एवढं शांतातल्या शांत माणसालाही लागतं, असं माझं मत आहे.

आईशी बोलताना स्वभावाचं समर्थन करत बसू नका. ‘मी इंट्रोव्हर्ट आहे’ हे वाक्य तिला पाठ फिरवल्यासारखं ऐकू येतं. नाही येणार हे सांगण्याऐवजी कधी येणार ते सांगा: ‘आई, मी साखरपुड्याला दहाला येते, जेवून दोनला निघते.’ आणि दिलेली वेळ पाळा. ऐनवेळी टांग दिली की तिला चारचौघांत उत्तरं द्यावी लागतात, तिचा निम्मा राग त्याचा असतो. फोनचे वार ठरवा, बुधवारी रात्री नऊ, रविवारी सकाळी अकरा. वार ठरले की मधल्या दिवसांच्या ‘फोन का नाही उचललास’ची धार जाते. शिवाय अशा आयांच्या बोलण्याच्या तळाशी बहुतेक वेळा एकच भीती असते, ‘आमच्यामागे हिचं कोण?’ तिचं उत्तर नावांनी द्या. रात्री दोन वाजता ताप चढला तर पुण्यात कोण धावून येईल, त्या दोघातिघांची नावं आणि फोन नंबर आईला द्या, शक्य असेल तर त्यांना एकदा सांगलीला घेऊन जा. आणि अशी नावं आठवेनात, तर मात्र तुमचं पहिलं काम ती नाती जोडणं हे आहे, आईला समजावणं नंतर.

लग्न करावं की नाही, हे या स्वभावावरून ठरत नाही. एकांत आवडणारी माणसं सुखाने संसार करतात आणि सुखाने अविवाहितही राहतात. एवढंच बघा, की लग्नकार्यातल्या गर्दीचा वैताग तुम्ही लग्नाच्या खात्यावर मांडत नाही ना. स्वतःला एक वेगळा प्रश्न विचारा: आजारी पडल्यावर कुणी जवळ असावंसं वाटतं का, आणि तसं मागता येतं का? कुणी आपलं करतंय हेच सहन होत नसेल, जवळीक वाढली की पळ काढावासा वाटत असेल, तर ती एकांताची आवड नाही. ती जवळिकीची धास्ती आहे, आणि ती लग्नाआधी समुपदेशनात बघून घ्यावी.

स्थळाशी बोलताना पहिल्या कांदेपोह्यांत हा विषय काढू नका, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काढा, आणि तो स्वभावाच्या भाषेत न काढता घड्याळाच्या भाषेत काढा. ‘मला एकटं राहायला आवडतं’ हे त्याला नकारासारखं वाटेल. ‘ऑफिसमधून आल्यावर पाऊण तास मी फारशी बोलत नाही, नंतर जेवताना निवांत गप्पा मारते; रविवारी सकाळचे दोन तास चित्रांचे’ हे कुणालाही कळतं. मग त्याला विचारा: घरी माणसं किती, पाहुणे किती येतात आणि राहतात का, खोलीचं दार लावलं तर घरात कसं घेतात, गणपती किती दिवसांचा आणि तेव्हा किती जण असतात, सुट्टीत फिरायला दोघंच जातात की सगळं गोत. ‘हो हो, काही प्रॉब्लेम नाही’ असं पटकन म्हणणाऱ्यापेक्षा ‘मग तुला बोलायचं नसतं तेव्हा मी काय करू?’ असं विचारणारा माणूस जास्त भरवशाचा. तुम्ही काय द्याल तेही सांगा. तुमच्यासारखाच शांत मुलगा मिळाला तर सगळं आपोआप जुळेल असंही समजू नका. दोन अबोल माणसांच्या घरात भांडण होत नाही, पण न बोललेल्या गोष्टी साचत जातात. अशा जोडप्यांना मी आठवड्यातून अर्धा तास एकमेकांशी बोलायला ठरवून देते, पैसे, घरची माणसं आणि मनातली खुपणारी एक गोष्ट यांसाठी.

आता डॉक्टरकडे कधी जायचं ते. सगळ्यात ठळक खूण म्हणजे एकटीने करायच्या आवडत्या गोष्टीही नकोशा होणं. माणसं नकोत आणि चित्रंही नकोत, हे सलग दोन आठवडे चाललं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, स्वतःबद्दल कवडीमोल वाटायला लागलं, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ही बघून घ्या. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी झालं तरी माणूस गळून कोपरा धरतो आणि घरचे त्याला स्वभाव म्हणतात. (घरातले वडीलधारे अचानक समारंभ टाळायला लागले तर आधी त्यांचे कान तपासा. ऐकू येत नाही हे सांगण्यापेक्षा न जाणं त्यांना सोपं वाटतं.) विशीतल्या मुलाने दिवसाची रात्र केली, अंघोळ सोडली, लोक आपल्यावर टपलेत असं म्हणायला लागला, तर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञ गाठा. जगणं नकोसं वाटतंय असा विचार आला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

समाजात वावरण्याच्या भीतीवर विचार-वर्तन पद्धतीचे उपचार चांगले लागू पडतात, आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ बैठका लागतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. औषधं लागली तर ती मनोविकारतज्ज्ञ देतात. पहिल्या भेटीला महिन्याची वही, रक्ततपासण्या आणि गेल्या दोन आठवड्यांतल्या झोपेच्या वेळा घेऊन जा. आई सोबत येते म्हणाली तर येऊ द्या, पण पहिला अर्धा तास एकटीने बोलायचा आहे, असं वेळ घेतानाच फोनवर सांगून ठेवा.